दोरकामासाठी टोच्याची सुरी निवडताना

दोरकामाची सुरी घेण्यासाठी आलेले बहुतेक ग्राहक प्रथम पाते उघडून धार पाहतात आणि टोचा, म्हणजेच मार्लिनस्पाइक, न उघडताच सुरी मिटून ठेवतात. हा क्रम उलटा असावा, असे आम्हांस वाटते. दोर कापण्याचे काम वेळ पडल्यास कोणतीही धारदार सुरी करू शकते. परंतु तिपेडी दोराचे पेड उकलून त्यांतून दुसरा पेड ओवणे किंवा ताणाखाली आवळून बसलेली गाठ सोडवणे ही कामे टोच्याचीच आहेत, आणि टोचा वाईट असेल तर तो दोराचे तंतू तोडून सांधा जोडता जोडताच दोर कमजोर करतो. म्हणून या पत्रकात टोच्याविषयी जास्त आणि पात्याविषयी कमी लिहिले आहे.

गाठ मारल्याने दोराची ताकद साधारणपणे एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी होते, तर नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये, म्हणजे पेड एकमेकांत ओवून केलेल्या सांध्यात, तिचा बराच मोठा भाग टिकून राहतो. नांगराच्या किंवा होडी बांधण्याच्या दोराच्या टोकाला गाठीऐवजी डोळा, म्हणजे कायमचा फास, गुंफतात तो याच कारणाने. मनिला किंवा काथ्याच्या दोराला अशा डोळ्यासाठी किमान 3 फेरे पुरतात, परंतु नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत असल्यामुळे तेथे 5 फेरे घ्यावेत. प्रत्येक फेऱ्यात तीन पेड ओवायचे असल्याने अशा नायलॉनच्या एका डोळ्यासाठी टोचा 15 वेळा दोरात जातो. त्याचे टोक सुईसारखे अणकुचीदार असेल तर ते दोन पेडांच्या मधून न जाता पेडातच घुसते. टोक किंचित चपटे व गोलसर असावे, तेथून मागे जाडी एकसारखी वाढत जावी, मध्येच पायरी किंवा कंगोरा नसावा आणि पृष्ठभाग चांगला घासून गुळगुळीत केलेला असावा. दुकानात असतानाच टोच्यावरून कापसाचा पेळू ओढून पाहावा. एखादा तंतू जरी अडकला तरी ती सुरी परत ठेवावी.

मिटणाऱ्या सुरीचा टोचा मुठीत मावण्याइतकाच लांब असू शकतो, त्यामुळे तिची एक मर्यादा आहे आणि ती आम्ही विक्रीपूर्वीच सांगतो. आमच्या अनुभवाने साधारण 12 ते 14 मिलिमीटर जाडीच्या तिपेडी दोरापर्यंत असा टोचा सुखाने चालतो. त्याहून जाड दोरासाठी लाकडी फिड (पेड उकलण्याचा निमुळता दांडका), किंवा टोचा आत असतानाच पेड सरकवता येईल असा पन्हळीचा स्वीडिश फिड वेगळा घ्यावा. तारेच्या दोरासाठी तर लांब पोलादी टोचाच हवा. शिडाच्या नौकांवर जे दुहेरी विणीचे दोर वापरतात त्यांच्या स्प्लाइससाठी आतला गाभा बाहेर काढून पुन्हा आत ओढावा लागतो. त्यासाठी नळीसारखा पोकळ फिड लागतो. आपले सगळे काम त्याच दोरांचे असेल तर टोच्याच्या सुरीवर अधिक पैसे खर्च करू नयेत, असेच आम्ही सुचवू.

टोचा उघडल्यावर खटक्याने पक्का बसतो की नाही, हे अवश्य पाहावे. गाठ उचकटताना जोर आडवा लागतो, आणि खटका नसलेला टोचा त्या क्षणी मिटून बोटांवर येतो. शॅकलची (दोर किंवा साखळी जोडण्याच्या धातूच्या कडीची) पिन फिरवण्यासाठी टोच्याचे टोक पिनेच्या भोकात घालता येते. काही सुऱ्यांच्या मुठीत त्यासाठी वेगळी खाच असते. ही खाच पात्यात असेल तर ती सुरी आम्ही सहसा ठेवत नाही, कारण पिन फिरवताना उघडी धार हाताजवळ राहते आणि कडक केलेले पाते पिळले गेल्यास तडकू शकते.

पाते शीप्सफूट आकाराचे असावे, म्हणजे धार सरळ आणि पाठ पुढे उतरत येऊन धारेला मिळालेली. हेलकावणाऱ्या होडीवर टोकदार पाते शेजाऱ्याला किंवा शिडाला लागण्याची भीती असते; शिवाय सरळ धार फळीवर पूर्ण टेकत असल्याने दोर एका दाबात कापला जातो. स्प्लाइस करणाऱ्याने साधी धार घ्यावी, कारण काप स्वच्छ पडतो आणि घरच्या निसण्यावर ती पुन्हा लावता येते. दातेरी धार ताणाखालचा दोर झटकन तोडते, परंतु पेडांची टोके विस्कटून टाकते. पात्याच्या पाठीवर हातोडी मारून दोर तोडण्याची सवय असेल, तर मिटणारी सुरी न घेता अखंड पोलादाची, म्यानात राहणारी सुरी घ्यावी. मिटणाऱ्या सुरीची खीळ अशा माराने सैल होते.

‘स्टेनलेस’ या शब्दावर समुद्रात फार विसंबून चालत नाही. 316 जातीच्या पोलादात मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या पाण्यात चांगले टिकते, पण ते तापवून कडक करता येत नाही. म्हणून त्याचे शॅकल होतात, धारेची पाती होत नाहीत. पाते 420 किंवा 440 सारख्या कडक होणाऱ्या पोलादाचे असते आणि मीठ राहिले तर त्यावर गंजाचे ठिपके येतात. एच-1 सारखे नायट्रोजनयुक्त पोलाद जवळजवळ गंजत नाही, मात्र त्याची साधी धार लवकर बोथट होते. कोणतेही पोलाद असले तरी काम संपल्यावर सुरी गोड्या पाण्याने धुवावी, पुसावी, खिळीत तेलाचा थेंब सोडावा आणि ओल्या चामडी म्यानात ठेवू नये, कारण चामडे मीठ धरून ठेवते.

मुठीला दोरीसाठी मजबूत कडी असावी. डोलकाठीवर चढणाऱ्याने ती दोरी हात पूर्ण लांबवता येईल इतकी ठेवून सुरी अंगाला बांधावी; वरून निसटलेली सुरी खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. विमानप्रवासात ही सुरी केबिनमध्ये नेता येत नाही, ती सामानाच्या बॅगेत ठेवावी.

खरेदीस येताना आपण नेहमी वापरता त्या दोराचा हातभर तुकडा बरोबर आणावा. टोचा त्यात घालून, पेड उकलून आणि एक फेरा ओवून पाहण्याची सोय आमच्याकडे आहे, आणि तसे करून पाहिल्याशिवाय घाईने सुरी घेऊ नये, अशी आमची विनंती आहे.