रिंग स्लिंग

रिंग स्लिंग : तान्ह्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला अंगाशी धरून नेण्यासाठी एका खांद्यावरून घेतलेले, दोन कड्यांच्या साहाय्याने घट्ट-सैल करता येणारे लांब कापड. मराठीत तिला सरसकट ‘झोळी’ म्हणतात, पण ते नाव टाळलेले बरे. झोळीत मूल आडवे निजते. रिंग स्लिंगमध्ये ते पाठ उभी ठेवून उकिडवे बसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

उगम : मूल कापडात बांधून नेणे किती जुने, हे ठरवणे कठीण आहे, कारण कापड व कातडे पुरातत्त्वीय थरांत क्वचितच टिकते. नॅन्सी टॅनर व एड्रिएन झिल्मन या मानवशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात, मूल वाहण्याची झोळी हे मानवाच्या आद्य साधनांपैकी एक असावे, असा तर्क मांडला. तो आकर्षक असला तरी प्रत्यक्ष पुराव्याअभावी तर्कच राहतो. मेक्सिकोचा रेबोसो, इंडोनेशियाचे सेलेंदांग आणि पूर्व आफ्रिकेचा कांगा ही एका कापडात मूल बांधण्याची परिचित उदाहरणे होत. कड्यांचा आजचा प्रकार मात्र बहुधा हवाई बेटांवर १९८१च्या सुमारास रेनर गार्नर यांनी तयार केला. पुढे विल्यम सीअर्स या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्या दशकात त्याचा प्रसार केला. काहींच्या मते हा नवा शोध नसून रेबोसोच्या गाठीची सुधारणा आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, तरी हा नवा शोध आहे या मताकडे झुकते माप द्यावे लागते : गाठ बदलायची तर सोडावी लागते, कड्यांत मूल अंगावर असतानाच ताण कमी-जास्त करता येतो, आणि हे काम वेगळेच आहे. दोन कड्यांत पट्टा अडकवण्याची युक्ती कमरपट्ट्यांत आधीपासून होती.

रचना : कापड साधारण १.८ ते २.२ मी. लांब व सु. ७० सेंमी. रुंद असते. एका टोकाला चुण्या किंवा निऱ्या घालून दोन्ही कड्या शिवतात. दुसरे टोक मोकळे असते, त्यास येथे पदर म्हटले आहे. कड्या बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या, सांधा नसलेल्या असाव्यात. हस्तकलेच्या दुकानातील जोड दिलेल्या कड्या भाराखाली सांध्यावर उघडू शकतात. त्या वापरू नयेत. कापड सुती किंवा लिननचे चांगले. भारतात हातमागाच्या सुती कापडाच्या स्लिंगही तयार होतात. गुळगुळीत रेशमी किंवा सॅटिनचा पदर कड्यांतून सरकतो, तर फार जाड कापड कड्यांत कोंबले जाऊन हलत नाही.

बांधणी : कड्या समोर, गळ्याच्या हाडाच्या जरा खाली ठेवाव्यात, ताण दिल्यावर त्या आणखी उतरतात, म्हणून सुरुवात उंचावरून करावी. कापड पाठीवरून तिरके, दुसऱ्या बगलेखालून पुढे आणावे. पदर दोन्ही कड्यांतून खालून वर काढून, पुढच्या कडीवरून वळवून दोन कड्यांच्या मधून खाली ओढावा. भार आला की कड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि पदर त्यांच्यात चिमटला जातो. कापड पिळलेले नसावे. कड्यांत ते सपाट पसरलेले हवे. मूल मोकळ्या खांद्यावर घेऊन, खालून आलेल्या हातात त्याचे पाय धरून कापडात उतरवावे. खालचा काठ एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत आणि मूल व मोठ्याचे पोट यांच्यामधून वर खेचलेला असला पाहिजे.

येथे बहुतेकांची चूक होते : पदर एकदम ओढला जातो. त्यामुळे मधला भाग ताठ होतो व काठ ढिले राहतात. वरचा काठ ढिला राहिला तर मूल मागे कलंडते. खालचा राहिला तर मुलाने पाय ताणताच बैठक सुटते. पदर पट्टीपट्टीने, आधी वरचा काठ, मग खालचा, शेवटी मधला, मुलाचे वजन एका हाताने उचलून धरून ओढावा. सैल करताना पुढची कडी वर उचलावी. तेव्हाही दुसरा हात मुलाखाली असावा. खांद्यावरचे कापड मानेकडे गोळा झाले की दुखते, म्हणून ते खांद्याच्या टोकापर्यंत पसरावे. भार एकाच खांद्यावर येत असल्याने बाजू बदलत राहावे.

सुरक्षितता : मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगबाबत इशारा दिला. मागील वीस वर्षांतील १४ मृत्यूंपैकी १२ चार महिन्यांखालील बाळांचे होते. कारण सरळ आहे : मान न धरणाऱ्या बाळाची हनुवटी छातीला टेकली की अरुंद श्वासमार्ग दुमडतो; चेहरा कापडात किंवा अंगात दबला तरी तसेच होते. बाळाच्या हनुवटीखाली निदान एक बोट मावावे, चेहरा सतत दिसावा, आणि मान खाली न वाकवता ओठ बाळाच्या डोक्याला टेकावेत इतके ते उंच असावे. अंगावर पाजल्यानंतर पुन्हा उंच घेऊन काठ आवळणे विसरू नये. मुदतीपूर्वी जन्मलेल्या, कमी वजनाच्या किंवा सर्दीने श्वास कोंडलेल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेचे सक्तीचे मानक जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात पूर्ण दिवसांच्या जन्मापासून सु. १६ किग्रॅ.पर्यंतची मुले अभिप्रेत आहेत.

गुडघे ढुंगणापेक्षा वर व मांड्या फाकलेल्या, ही बैठक खुब्याच्या सांध्याला अनुकूल मानली जाते. पाय सरळ लोंबते राहणे टाळावे. मराठी घरांत मूल कडेवर घेतात तेव्हा ते नेमके असेच बसते, त्यामुळे मान व पाठ स्थिर झाल्यावर कडेवरची बांधणी बहुतेकांना लवकर साधते. पाठीवरची बांधणी रिंग स्लिंगमध्ये नवख्याने करू नये. स्वयंपाक, वाहन चालवणे व धावणे यांत स्लिंग वर्ज्य. प्रत्येक वापरापूर्वी कड्यांवरील ओरखडे व शिवण तपासावी.