तापाच्या तोंडाला कण्या

लग्न होऊन सिंधुदुर्गातल्या कुडाळला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मला सणकून ताप भरला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण तोंडाची चव गेलेली. सासूबाई वाडग्यात उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या, सोबत खारातल्या कैरीची फोड. म्हणाल्या, "वायच पेज घे गो, बरा वाटतला." मी घेतली आणि खरंच बरं वाटलं. पण डोळे मिटले की मला दिसत होत्या कण्या. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातलं. ज्वारी जाडसर भरडायची, पाण्यात मीठ घालून घट्ट शिजवायची आणि निवल्यावर ताकात कालवायची, की झाल्या कण्या. आमच्याकडे आजारी माणसाला त्याच देतात.

विदुराघरच्या कण्या देवाला गोड लागल्या, असं कीर्तनात ऐकत आम्ही वाढलो. त्या तापात मला पहिल्यांदा प्रश्न पडला की सासूबाईंना ज्या आजारात पेज आठवते, त्याच आजारात मला कण्या का आठवाव्यात? एकाच राज्यातल्या, एकाच भाषेतल्या दोन घरांच्या रात्रीच्या ताटात इतका फरक कुठून येतो?

पहिलं उत्तर पावसात आहे. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वर आंबोलीच्या घाटात त्याच्या दुप्पट. तेच ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला साधारण साडेपाचशे मिलिमीटर येतो, तोही भरवशाचा नाही. पण नुसता पाऊस मोजून ताटाचा उलगडा होत नाही, कारण पडलेलं पाणी जमीन किती दिवस धरून ठेवते ते महत्त्वाचं असतं. कोकणातली जांभ्याची माती सच्छिद्र, त्यामुळे एवढं पाणी पडूनही ते झिरपून जातं. म्हणून भात सखल, बांध घातलेल्या मळ्यांत, तर चढावरच्या वरकस जमिनीत नाचणी. भात कापला की उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि वाल.

सोलापूरकडची काळी माती मात्र पाण्याच्या बाबतीत जपून राहणारी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यापासून झालेल्या बेसॉल्ट खडकाची ही माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातलं चिकणखनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, पाणी त्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. म्हणूनच उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगा मिटतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची ज्वारी पेरली की पुढे पाऊस झाला नाही तरी ती मुळं खोल सोडून त्या साठवलेल्या ओलीवर फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. १९३०च्या दशकात आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेलं 'मालदांडी ३५-१' हे वाण आजही लोक नाव घेऊन मागतात. बाजारात ज्वारी घेताना आई आधी दाणे तळहातावर घेऊन बघते. दाणा टपोरा, मोत्यासारखा दिसला तरच पुढचं बोलणं.

म्हणजे कोकणी ताटात भात आणि देशावर भाकरी, ही निवड आधी मातीनं केली आणि मग माणसांनी. विदर्भाकडे पाहिलं की हे आणखी पटतं. पश्चिमेला ज्वारीचं राज्य, आणि पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे पाऊस वाढतो, जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले मालगुजारी तलाव लागतात, तसा ताटात भात येतो. तिकडचा गोळाभात, म्हणजे भिजवलेल्या डाळीचे किंवा बेसनाचे गोळे भातातच शिजवून वर हिंगाची कडकडीत फोडणी, हे मी एकदाच खाल्लं आणि तेव्हापासून त्या भागातल्या लोकांचा मला हेवा वाटतो.

मातीनं धान्य दिलं, पण ते खाण्याजोगं करण्याचं शास्त्र घराघरातल्या बायकांनी हातांनी शोधलं. भाकरीचंच घ्या. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं लवचिक जाळं बनतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीच्या प्रथिनांना हे जमत नाही. ती दाण्यात बारीक बारीक गोळ्यांत बंद असतात आणि पाणी घातलं तरी सुटी होऊन जाळं विणत नाहीत. मग भाकरी एकसंध राहते ती कशाच्या जोरावर? पिठूळ घटकाच्या, म्हणजे स्टार्चच्या. स्टार्चचे कण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. पिठात उकळतं पाणी घालून उकड घेतो ती याचसाठी. काही पीठ आधीच खळ झालेलं असतं आणि ते बाकीच्याला धरून ठेवतं. नंतर तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं, म्हणजे ही खळ सगळीकडे सारखी पसरते.

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. लहानपणी मला वाटायचं, पीठ धुऊन टाकायला असेल. खरं कारण त्याहून देखणं आहे. त्या पाण्यानं वरचं कोरडं पीठ भिजतं, शिजून त्याचा पातळ अखंड पापुद्रा होतो, आणि आतली वाफ त्याला फोडून बाहेर पडू शकत नाही. उलटून निखाऱ्यावर धरली की भाकरी टम्म फुगते. पाणी सुकण्याआधी उलटली तर ती तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडून वाफ निसटते. मधले ते काही क्षण आई कशावरून ओळखते? ती पाण्याच्या चमकेकडे बघते. चमक मावळायला लागली की उलथनं आत.

पीठ जुनं झालं की 'विरी गेली' म्हणतात. कितीही मळा, भाकरी कडेनं फाटते आणि मग उकळतं पाणी जास्त लागतं. बाजरीचं तर विचारूच नका. तिच्यात स्निग्धांश जास्त, जवळपास ५ टक्के. दळलं की दाण्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तेलाचं विघटन सुरू करतं आणि आठवड्याभरात पीठ कडू लागतं. म्हणून माहेरून मला कधीही पीठ येत नाही, धान्य येतं.

आता पेजेकडे. सासूबाईंची पेज साध्या तांदळाची नसते, उकड्याची असते. कोकणात आणि गोव्यात अजून हा तांदूळ रोजच्या वापरात आहे. भात आधी भिजवून, सालासकट उकडून, वाळवून मगच कांडतात. तूस काढताना दाणा कमी तुटतो, हा फायदा सगळ्यांनाच ठाऊक. पण याहून मोठी गोष्ट दाण्याच्या आत घडते. कोंड्यात आणि अंकुरात असलेलं ब-१ जीवनसत्त्व उकडताना पाण्याबरोबर दाण्याच्या आतल्या भागात सरकतं. मग कोंडा निघून गेला तरी ते बरंचसं तांदळातच राहतं.

याची किंमत जगाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळली. आग्नेय आशियात गिरणीत पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांमध्ये बेरीबेरीनं माणसं मरत होती. पाय बधिर व्हायचे, अंगावर सूज यायची, हृदय थकायचं. १९०५ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला भारतीय पद्धतीचा उकडा. बेरीबेरी पांढऱ्याच्या गटात पसरली आणि उकड्याच्या गटात जवळजवळ झालीच नाही. त्या वेळी 'जीवनसत्त्व' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. ज्या तांदळाला आज शहरात 'जाडाभरडा' म्हणून बाजूला सारतात, त्याचं हे काम मला फार मोठं वाटतं.

आजाऱ्याला पेजच का, यालाही कारण आहे. आपल्या आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी एक वाट असते, आणि त्यांच्यामागून पाणी आत खेचलं जातं. पेजेतलं शिजून मऊ झालेलं स्टार्च पचताना हळूहळू ग्लुकोज देतं, मिठातून सोडियम येतं. जुलाबात देतात त्या जलसंजीवनीचं तत्त्व हेच, आणि तांदळाच्या पिठापासूनही ती बनवतात.

मग माझ्या कण्या यात मागे पडतात का? थोड्या पडतात, हे प्रामाणिकपणे मान्य करते. ज्वारी शिजवली की तिची प्रथिनं आपापसात घट्ट बांधली जातात आणि तांदळाच्या प्रथिनांइतकी सहज पचत नाहीत. पण आमच्याकडे त्यावर तोड आहे, ती आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी शिजवायचं. रात्रीत जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आंबताना लोह धरून ठेवणारं फायटिक आम्लही काही प्रमाणात मोडतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा मीठ घातलेल्या थंड आंबिलीसारखं दुसरं काही नाही.

रोजच्या रात्रीच्या जेवणात मात्र दोन्ही घरं एकाच जागी येऊन पोचतात. कुडाळला भात आणि कुळथाची पिठी, मोहोळला भाकरी आणि बेसनाचं पिठलं. खानदेशात खिचडी, वरून कच्चं तेल. नाहीतर कळण्याची भाकरी, जिच्यात ज्वारीबरोबर उडीदही दळलेला असतो आणि त्या उडदाच्या चिकटपणानं भाकरी थापायला सोपी जाते. चूल कुठलीही असो, तिच्यावर एक तृणधान्य आणि एक कडधान्य असतंच. तृणधान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. दोन्ही एकत्र आली की शरीराला लागणारा संच पुरा होतो. कुळीथ की हरभरा हे जमिनीनं ठरवलं, पण जोडी कुणी मोडली नाही.

तरी तापात कण्याच का आठवल्या, याचं उत्तर पोषणात नाही. ते नाकात आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी १९९५ मध्ये दाखवलं की गरोदर बाईनं लसणाच्या गोळ्या घेतल्या तर गर्भाभोवतीच्या पाण्याला लसणाचा वास येतो. २००१च्या अभ्यासात काही बायकांनी शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीची पेज भरवली तेव्हा इतर बाळांपेक्षा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. म्हणजे जन्माआधीच आपण आपल्या घराची चव शिकू लागतो. शिवाय इतर संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात. वास मात्र थेट भावना आणि आठवणींच्या भागांजवळ जाऊन पोचतो.

याच्या उलट जाणारा एक निष्कर्षही सांगायला हवा. २०१४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना मन खट्टू करणारी दृश्यं दाखवून मग काहींना त्यांचं हक्काचं आवडतं खाणं दिलं, काहींना दुसरं काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळानं सगळ्यांचीच मनं सारखीच सावरली होती. ते मी खोटं म्हणत नाही. पण ती काही मिनिटांची उदासी होती. परक्या गावात, अंगात ताप असताना, आजूबाजूची बोलीसुद्धा नवी असताना आठवणारं जेवण ही वेगळी गोष्ट आहे, असं मला वाटतं.

आणि ही 'आपली' चव फार जुनीही असावी लागत नाही. सोलापूरची शेंगाचटणी घ्या. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली, आपल्याकडे आली ती युरोपी जहाजं इथं पोचल्यानंतर. तरी ती चटणी नसेल तर आमच्याकडे ताट वाढलेलं वाटत नाही.

माझी मुलगी पोटात असताना सहा महिने मी कुडाळला होते आणि सातव्यात माहेरी गेले. आता ती सात वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. सासूबाईंनी पेज केली आणि नेहमीसारखी खारातली कैरी काढायला बरणी उघडली. मुलीनं मान हलवली आणि म्हणाली, "आजी, मोहोळच्या आजीची चटणी आहे का?" सासूबाईंनी डबा शोधून काढला, पेजेवर चिमूटभर लाल चटणी भुरभुरली, आणि दुसरी चिमूट स्वतःच्या वाडग्यात टाकली.