झोपलेला पीसी लांबून जागा करण्याची सोय आली कुठून?

नागपुरातल्या बऱ्याच घरांत आता हॉलमध्ये टीव्हीखाली एक छोटा पीसी असतो. सिनेमे, गाणी, लग्नामुंजीचे व्हिडिओ, सगळं त्याच्यावर. नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला की टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तो चोवीस तास चालू ठेवणं जिवावर येतं. वीजबिलाचा भाग वेगळाच. म्हणून तो स्लीपमध्ये ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून किंवा ऑफिसातून मोबाइलवर बटण दाबून उठवायचा. ही वेक-ऑन-लॅनची सोय एखाद्या घरी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते, तर शेजारच्या घरी रोज रुसते. माझ्या मते याचं कारण तिच्या इतिहासात आहे. ती घरासाठी बनलेलीच नाही.

१९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो पीसी एका नेटवर्कवर आले. त्यांच्यावर सॉफ्टवेअर अपडेट करायला रात्रीची वेळ सोयीची, पण लोक संध्याकाळी मशीन बंद करून घरी जात. प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण कोण दाबणार? यावर एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून तोडगा काढला आणि १९९५ मध्ये एएमडीने ‘मॅजिक पॅकेट’चं तंत्र कागदावर मांडलं.

त्याची रचना इतकी साधी आहे की मला आजही तिचं कौतुक वाटतं. आधी २५५ हा आकडा सहा वेळा, मग ज्या मशीनला उठवायचं तिचा सहा बाइटांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, ओळीने सोळा वेळा. एकूण १०२ बाइट, बस्स. पीसी झोपलेला असताना प्रोसेसर बंद, विंडोज थांबलेली, त्यामुळे आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) वाचणारं कोणीच नसतं. नेटवर्क कार्डातली एक चिप तेवढी जागी राहून तारेवरून जाणाऱ्या बाइटांत हा नमुना शोधत बसते. नेहमीच्या वाहतुकीत असा नमुना योगायोगाने येणं जवळपास अशक्य, म्हणून तर सोळा वेळा.

पण चिप जागी ठेवायला वीज लागते. जुन्या एटी धाटणीच्या कॅबिनेटचं बटण सरळ मेन लाइनच तोडायचं. मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या रचनेचा इंटेलचा एटीएक्स साचा १९९५ मध्ये आला आणि एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा कायम मिळू लागला. ‘बंद’ पीसीच्या लॅन पोर्टवर रात्री दिवा लुकलुकतो तो त्याच्याच जोरावर. सुरुवातीला कार्डापासून मदरबोर्डापर्यंत तीन पिनांची वेगळी वायर जोडावी लागे. कार्डं बसवायच्या स्लॉटचं पीसीआय २.२ हे मानक १९९८ मध्ये आलं, त्यानंतर स्लॉटमधूनच वीज आणि उठवण्याचा इशारा जाऊ लागला. दरम्यान आयबीएम आणि इंटेलने वेक-ऑन-लॅन हे नाव रुळवलं, आणि १९९६ अखेरच्या एसीपीआय या पीसीच्या वीजव्यवस्थापनाच्या नियमावलीने झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या.

घरात ही सोय मागच्या दाराने आली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. त्याच सुमारास एक्सबॉक्स या गेम कन्सोलसाठी सुरू झालेला मीडिया प्लेअरचा एक मुक्त प्रकल्प पुढे पीसीवर आला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. सिनेमे ठेवलेलं दुसरं मशीन झोपलेलं असेल तर कोडी स्वतःच त्याला पॅकेट पाठवू शकतो.

खरी अडचण घराबाहेरून उठवताना येते. मॅजिक पॅकेट साधारणपणे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवलं जातं. बाहेरून असं पाठवण्याचा फायदा स्मर्फ हल्लेखोरांनी घेतला (खोट्या पत्त्याने सगळ्यांना संदेश पाठवून त्यांच्या उत्तरांचा भडिमार एकाच मशीनवर करायचा), तेव्हा १९९९ मध्ये राउटरांनी असे संदेश मुळातच अडवावेत असं ठरलं. थेट पीसीच्याच पत्त्यावर पाठवलं, तर राउटर झोपलेल्या मशीनचा मॅक ॲड्रेस थोड्या वेळाने विसरतो. म्हणून पीसी झोपल्यावर लगेच प्रयोग यशस्वी होतो आणि तासाभराने तोच फसतो. त्यात आता अनेक ब्रॉडबँड ग्राहकांना स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, मिळतच नाही. यावर घरातला राउटर किंवा रास्पबेरी पायसारखं कायम चालू असलेलं छोटं यंत्रच पॅकेट पाठवेल अशी व्यवस्था करणं हाच मला टिकाऊ मार्ग वाटतो.

बाकीचे अडथळे नंतरचे. विंडोज ८ पासूनच्या फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे शट डाउन केलेला पीसी सहसा उठत नाही, स्लीपमधला उठतो. युरोपात २०१० पासून स्टँडबाय विजेवर मर्यादा आली. तिच्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) दिलेली ईआरपी सेटिंग चालू असेल तर अनेक बोर्डांवर कार्डाची वीजच तुटते.

आणि आपल्याकडचा अडथळा म्हणजे भर दुपारी लाइन जाणं. स्टँडबाय वीज गेली की झोपण्यापूर्वी कार्डाला दिलेली सूचना पुसली जाते. लाइन आली तरी बरीच कार्डं पॅकेटकडे लक्ष देत नाहीत. त्यासाठी बायोसमध्ये वीज परतल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते. ती चालू ठेवली की पीसी सुरू होतो, विंडोज किंवा लिनक्स कार्डाला पुन्हा तयार करते आणि ठरलेल्या वेळाने तो परत स्लीपमध्ये जातो.