‘स्वतःला मदत करणाऱ्यालाच देव मदत करतो’ हे बायबलमध्ये कुठेच नाही

हे वाक्य बायबलच्या नावावर वर्षानुवर्षे फिरते आहे. आपल्याला ते पटकन पटतेही, कारण ‘प्रयत्नांती परमेश्वर’ घरोघरी ऐकलेले असते. पण बायबलच्या दोन्ही भागांत, म्हणजे जुन्या-नव्या करारात, ते नाही. त्याचे मूळ इसापच्या गाडीवानाच्या गोष्टीपर्यंत जाते. इंग्रजीत ते 1698 साली छापलेल्या अल्गर्नन सिडनीच्या राजकीय ग्रंथात आहे आणि लोकप्रिय केले ते बेंजामिन फ्रँकलिनच्या 1736 च्या पंचांगाने.

बायबलचा सूर जवळपास उलटा आहे. फक्त स्वतःच्या मनावर विसंबणाऱ्याला नीतिसूत्रे 28:26 (बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा अध्याय 28, ओवी 26) सरळ मूर्ख म्हणते. ज्याला शहाणपण कमी पडते त्याने देवाकडे मागावे, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (1:5) सांगितले आहे. गिबोन या ठिकाणी शलमोन राजाने देवाकडे तेच मागितले: दीर्घायुष्य नको, धन नको, न्याय करण्याची समज दे. (उतारवयात तोच भरकटला, हेही बायबल लपवत नाही.)

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा, असाही नाही. काम करायला तयार नसलेल्याने खाऊही नये, हे येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून बजावलेच आहे.