प्रश्न विचारणारा आणि खेळ खेळवणारा

गणपतीत प्रश्नमंजूषा घेणाऱ्याला इंदूरमध्ये एक वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं. "अहो, तुम्ही टीव्हीवर का नाही जात? नुसतं केबीसीसारखं तर विचारायचं असतं!" बारा वर्षं ऐकतोय. आधी छाती फुगायची, आता हसू येतं. कारण क्विझमास्टर आणि गेम शोचा होस्ट दिसायला भाऊ-भाऊ असले तरी त्यांचे धंदे वेगळे आहेत.

मागच्या वर्षी रामबागेकडच्या एका मंडळात मी प्रश्न टाकला: अहिल्यादेवींचा जन्म कुठल्या गावचा? होळकरांच्या गावात हा प्रश्न म्हणजे फुकटचे गुण. पुढे बसलेल्या काकू उठल्या. "जामखेडकडचं गाव हो... माझ्या आजीच्या तोंडी सारखं असायचं... थांबा हं, जिभेवर आहे..." पंधरा सेकंद झाली, मी घंटी वाजवली. "वेळ संपली. उत्तर, चौंडी." काकू "तेच, तेच!" म्हणत खाली बसल्या आणि मी पुढच्या कार्डाकडे वळलो. घरी येताना भाची म्हणाली, "मामा, टीव्हीवाल्यांनी त्या आजीवरच पाच मिनिटं काढली असती."

बरोबर बोलली. क्विझमध्ये तोंडातून निघालं ते उत्तर, बदलायला वाव नाही. केबीसीत 'लॉक' होईपर्यंत काहीच पक्कं नसतं. स्पर्धक मोठ्याने विचार करतो, पर्याय खोडतो, घरच्यांकडे बघतो, घाबरतो, आणि लोक बघतात ते हेच. 2000 साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एक कोटीपर्यंत जायला फक्त पंधरा प्रश्न होते. पंधरा प्रश्न मी चहा यायच्या आत संपवतो! त्यांना पुरवून पुरवून वाढायचं तर समोरच्या माणसाला बोलतं करावं लागतं, आणि तेही कुणी आपल्याला ढकलतंय असं त्याला न वाटता.

याचा पुरावा केबीसीच्याच घरात आहे. 1985 मध्ये दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' घेणारे सिद्धार्थ बसू म्हणजे आमच्या पिढीचे क्विझमास्टर. केबीसी सुरू झालं तेव्हा त्याची निर्मितीही त्यांचीच. पण खुर्चीत ते बसले नाहीत, अमिताभ बच्चन बसले. प्रश्नांची बाजू एकाकडे, माणसांची दुसऱ्याकडे. मराठीतही 2013 मध्ये सचिन खेडेकर आले, पुढे 2019 मध्ये नागराज मंजुळे. एक नट, एक दिग्दर्शक. हौशी माणसाची पहिली अडचण इथेच: चॅनेलला आधीपासून ओळखीचा चेहरा हवा असतो. इंदूरहून पोर्टफोलिओ पाठवणाऱ्याने हे धरूनच चालावं.

ज्ञान मात्र आड येत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या क्विझ शोमधला स्पर्धक केन जेनिंग्स 2004 मध्ये सलग 74 डाव जिंकला आणि पुढे त्याच कार्यक्रमाचा होस्ट झाला. पण आधीचा होस्ट ॲलेक्स ट्रेबेक 2020 मध्ये वारल्यावर ती जागा भरताना आधी कितीतरी पाहुणे होस्ट उभे करून पाहिले, तेव्हा कुठे ते जमलं. शिवाय तिथे एका दिवसात पाच-पाच भाग चित्रित होतात. पाचव्या भागातल्या स्पर्धकाचं स्वागत पहिल्यासारखंच ताजं करायचं. माझा तर दुसऱ्या फेरीतच घसा बसतो.

निःपक्षपातीपणातही फरक आहे, आणि इथे थोडी कबुली द्यावी लागेल. मंडळात मी अर्धा गुण देतो. शेजाऱ्याचा मुलगा अडखळला तर "नदीचं नाव आहे बरं का" असंही पुटपुटतो. सगळे हसतात, चालून जातं. टीव्हीवर पैसा लागलेला असतो. अमेरिकेत 1950 च्या दशकात काही क्विझ शोंमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याचं उघड झालं आणि 1960 मध्ये त्याविरुद्ध कायदाच आला. त्यामुळे होस्टला भुवईसुद्धा सांभाळावी लागते. मायेने बोलायचं, पण चेहऱ्याने उत्तर फोडायचं नाही. हे मला कठीण वाटतं, फार कठीण.

भाषेचं सांगायला नकोच. "काय करून राहिला?" हे आमचं इंदुरी मराठी घरात गोड लागतं, मुंबईच्या ऑडिशनमध्ये लगेच कानावर येतं.

याच्याही पलीकडची जात 'होम मिनिस्टर'ची. 2004 पासून आदेश बांदेकर घरोघरी गेले, सगळ्यांचे 'भावोजी' झाले. तिथे प्रश्न जवळपास निमित्तालाच. सासू-सुनेला एका खेळात हसवायचं आणि पैठणी द्यायची. आमच्या मंडळानेही दुसऱ्या दिवशी तसाच खेळ ठेवला होता. चौंडीवाल्या त्याच काकू डोक्यावर पाट तोलत चालल्या आणि माईकवर निवेदिकेला आजीची अख्खी गोष्ट सांगून गेल्या, जामखेडच्या एसटीसकट. मंडप खदखदून हसत होता. मी मागे उभा राहून पोहे खात होतो.

यंदा प्रश्न मी काढतोय. माईक भाचीकडे दिलाय, आणि घंटी तिने आधीच कुठेतरी लपवून ठेवली आहे.