दीडपट हमीभाव: पण कोणत्या खर्चाच्या?

हमीभाव जाहीर झाला की दरवर्षी वाद एकाच जागी येऊन अडतो. सरकार म्हणते, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव दिला. शेतकरी संघटना म्हणतात, दिला नाही. २०१८-१९च्या खरिपात साध्या धानाला क्विंटलमागे १,७५० रुपये जाहीर झाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषी खर्च व मूल्य आयोगाचेच आकडे होते. 'ए-२ अधिक एफएल' या हिशेबाने खर्च १,१६६ रुपये, 'सी-२'ने १,५६०. पहिल्याची दीडपट जवळपास १,७५० होते, दुसऱ्याची २,३४०. भंडारा-गोंदियाच्या धान उत्पादकासाठी हा फरक क्विंटलमागे ५९० रुपयांचा आहे.

ए-२मध्ये बियाणे, खत, औषधे, पाणी, मजुरी, बैलजोडीचे व यंत्राचे काम, शेतसारा आणि दुसऱ्याची जमीन कसत असल्यास तिचा खंड येतो. एफएल म्हणजे घरच्या माणसांची मेहनत. सी-२ त्यापुढे जाऊन स्वतःच्या जमिनीचा खंड (ती दुसऱ्याला कसायला दिली असती तर मिळाला असता तो) आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरतो. खर्चाच्या या हिशेबांची नावे मंत्रालयात एका दिवसात ठरली नाहीत. त्यांच्यामागे शतकभराचे संशोधन आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच मुलखात झाला.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. आज तिथे इमारतींची दाटी आहे. तेव्हा ते कोरडवाहू शेतीचे खेडे होते. १७७१ साली तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. नुसत्या शेतीवर बहुतेक कुटुंबांचे भागत नाही, हे मान यांनी जमाखर्च मांडून दाखवले. पुढे १९३०मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी १९४०मध्ये प्रसिद्ध केली.

खरे वळण आले ते १९५४-५५मध्ये. केंद्र सरकारने निवडक राज्यांत शेती व्यवस्थापनाचे अभ्यास सुरू केले. त्यांत तेव्हाच्या मुंबई राज्यातले नगर आणि नाशिक जिल्हे होते. अकोला-अमरावतीचाही अभ्यास झाला. पाहणी करणारा माणूस गावात राहायचा आणि कोणत्या वावरात कोण किती तास राबले, बैल किती वेळ चालले, खत किती गाड्या पडले, हे रोजच्या रोज लिहून घ्यायचा. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या अर्थशास्त्राचे हे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी गौरवले गेलेले काम आहे.

त्या वह्यांतून एक विचित्र गोष्ट पुढे आली. घरच्या मेहनतीला गावातल्या मजुरीचा दर लावला, तर देशातली बरीचशी शेती तोट्यात दिसत होती. तरीही शेतकरी पेरतच होते, आणि लहान शेतात एकरी उत्पादन मोठ्या शेतापेक्षा जास्त निघत होते. अमर्त्य सेन यांनी १९६२मध्ये 'इकॉनॉमिक वीकली'त हा प्रश्न मांडला आणि त्यावर अनेक वर्षे वाद झडला. घरच्या माणसाला बाहेर काम मिळेलच याची खात्री नसते, म्हणून ते मजुरीच्या दराचा हिशेब न करता स्वतःच्या शेतात राबत राहते, हा त्या वादाचा गाभा. मला इथेच आजच्या भांडणाचे मूळ दिसते. बाहेर काम नाही, म्हणून त्या राबण्याची किंमत शून्य धरायची का? पहाटे भाकरी बांधून खुरपणीला जाणाऱ्या बाईचे खुरपणीचे तास वहीत चढले. भाकरीचे कुठे चढणार होते?

जानेवारी १९६५मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला गेला. पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठाचे मो. ल. दांतवाला. शास्त्रीय भावासाठी सलग आकडे हवे होते, म्हणून १९७०-७१पासून पीकनिहाय खर्चाची कायमची योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ते काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. आयोगाला आजचे नाव १९८५मध्ये मिळाले.

हा हिशेब अभ्यासकांच्या टेबलावरून रस्त्यावर आणला शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. ती कशी तोट्यात जाते ते अनुभवल्यावर त्यांनी कांद्याच्या, मग उसाच्या आंदोलनात 'उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव' ही मागणी रुजवली. त्याआधी भावाची चर्चा प्रामुख्याने शहरातल्या धान्याच्या दराभोवती फिरत असे.

एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६मध्ये भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त हमीभावाची शिफारस केली. त्या वाक्यात सी-२ हे नाव नाही, आणि पुढचा सगळा वाद त्या मोकळ्या जागेत वाढला. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपटीची घोषणा केली आणि अंमल करताना 'ए-२ अधिक एफएल' धरला.

हे खर्चही चालू हंगामाचे नसतात. आधीच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे घेऊन आयोग येत्या हंगामाचा अंदाज बांधतो. मध्येच डिझेल किंवा मजुरी भडकली तर ती वाढ त्या अंदाजात पूर्ण उतरेलच असे नाही. आणि ज्या कांद्यावरून चाकणचे रस्ते अडले, तो केंद्राच्या हमीभावाच्या यादीत आजही नाही, दूधही नाही.