सोलापूरच्या डोक्यावर पडणारा बर्फ

सप्टेंबरातली उकाड्याची रात्र. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो, वर ढगांचं झाकण असतं आणि हवेत इतका दमटपणा की घाम वाळत नाही. झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान साधारण एका अंशाने उतरावं लागतं. त्यासाठी तळहात-तळपायांतून उष्णता बाहेर जावी लागते. ती जात नाही, म्हणून माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो. मग पहाटेच्या सुमारास गार वारा सुटतो, पत्र्यांवर थेंब वाजू लागतात आणि डोळा लागतो.

त्या घडीला सोलापूरवर बर्फ पडत असतो. काश्मीरात पडतो तसाच, खराखुरा.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. वर जाताना दर किलोमीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंडावते, त्यामुळे पावसाळ्यात पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्यावर येतं. गडगडाटी ढग तर बारा-बारा किलोमीटर उंच चढतात. म्हणजे ढगाचा अर्ध्याहून अधिक भाग शून्य अंशाच्या पातळीहून उंच, गोठवणाऱ्या थंडीत. तिथेही पाण्याचे सूक्ष्म थेंब लगेच गोठत नाहीत. उणे ३५ अंशांपर्यंत ते द्रवच राहू शकतात. एखादा योग्य धूलिकण सापडला की त्याच्याभोवती स्फटिक धरतो, आणि मग तो आसपासच्या थेंबांच्या जिवावर वाढतो: थेंबांतून वाफ सुटते, ती स्फटिकावर जाऊन बसते. उणे १५ अंशांच्या आसपास त्याला सहा फांद्या फुटतात, उणे ५ जवळ नुसत्या सुया होतात. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला, आणि तापमान व आर्द्रता बदलली की आकार कसा बदलतो याचा नकाशाच मांडला.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यातला वेळेचा हिशेब. हिमकण सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतो. पाऊस रिपरिप्या झाला, ढगातले वर उसळणारे झोत मंदावले, की नऊ किलोमीटरवरून पाचपर्यंत यायला त्याला तासाहून जास्त लागतो. वितळून थेंब झाला की सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हणजे उरलेलं अंतर बारा-पंधरा मिनिटांत. पत्र्यावर टपकलेल्या थेंबाचा बहुतेक प्रवास बर्फ म्हणूनच झालेला असतो, आणि तोही निःशब्द. हिमप्रदेशात पहाटे बर्फ पडताना जी शांतता असते, तिचं एक कारण म्हणजे ताजा बर्फ ९० टक्क्यांच्या आसपास हवाच असतो आणि त्या पोकळ्यांत आवाज कापसाच्या गादीत जिरावा तसा जिरतो. आपल्याकडे तो थर जमिनीवर साचत नाही, एवढाच फरक.

वितळण्याची ही पातळी रडारवर चमकत्या पट्ट्यासारखी दिसते, कारण पाण्याने माखलेले मोठे हिमकण लहरी जोराने परतवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात पाऊस वाढावा म्हणून ढगांत सूक्ष्म कण सोडण्याचे, म्हणजे बीजपेरणीचे प्रयोग केले, तेव्हाही ढगांवर रडारची नजर होती.

आता तो गार वारा. एक ग्रॅम बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतून ८० कॅलरी उष्णता घेतो. ढगाखालच्या, ढगापेक्षा कोरड्या हवेत थेंबांची वाफ होताना त्याच्या सातपट उष्णता जाते, म्हणून गारव्यात मोठा वाटा बाष्पीभवनाचाच. पण सुरुवात वर बर्फाने करून दिलेली असते. थंड झालेली हवा जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून गावभर पसरते. म्हणूनच वारा पावसाच्या आधी पोहोचतो.

सगळाच पाऊस असा नसतो. जुलैतल्या भुरभुरीचे ढग बरेचदा पाच किलोमीटरपर्यंतही पोहोचत नाहीत. तिथे थेंबच थेंबाला मिळून मोठे होतात. ओळखायची खूण सोपी आहे. ढगातली वीज मुख्यतः गारेसारखे कण आणि हिमस्फटिक एकमेकांवर आपटून तयार होते, तेव्हा गडगडाट ऐकू आला की त्या ढगात बर्फ आहे हे खुशाल धरून चालावं.